बांधावर रुतलेलं घर

"वाजलं," एवढंच म्हणायचा आणि घण उचलायचा.

चाकांवरचं घर बांधून तयार झालं की तो त्याच्या भिंतींवर मूठ मारून बघायचा. कान फळीला लावलेला, डोळे मिटलेले. आवाज भरीव आला तर पुढच्या भिंतीकडे सरकायचा. कुठं जरा पोकळ ऐकू आलं, एखादा खिळा खुळखुळला, की संपलं. ती भिंत, भिंतीतलं कपाट, कपाटावरचं पॉलिश, सगळ्याचा चुरा. पंधरा दिवसांचं काम पाच मिनिटांत जमिनीवर. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी फरक पडायचा नाही. उलट गिऱ्हाईक असलं की जरा जास्तच जोर चढायचा, असं माझं मत आहे.

तुम्ही नाशिक हायवेनं नारायणगाव सोडून आळेफाट्याकडे गेला असाल तर त्याची शेड तुम्ही पाहिली असणार. दारात दोन-तीन घरं चाकांवर उभी, आणि आतून घणाचा आवाज. शेडला लागून माझं दुकान. मी सीटा शिवते. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, शाळेच्या बसच्या. आमचे मालक गेल्यापासून एकटीच दुकान चालवते, आणि माझं तोंड तिखट आहे हे आधीच सांगून ठेवते. पुढं कुठं वाटलं की बाई जास्त बोलली, तर बोलली असेन.

सगळा हायवे त्याला मिस्त्री म्हणायचा. मीही तेच म्हणते. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अंगानं सडपातळ, पण मनगटं अशी की चहाचा कप त्याच्या हातात खेळण्यातला वाटावा. कपाळावर एक व्रण, डाव्या हातावर दुसरा. ते दोन्ही कुठून आले ते पुढं येईलच.

मूळचा तो ट्रकच्या बॉड्या बांधणारा. कांद्याचे ट्रक, दुधाचे टेम्पो, आणि नारायणगावच्या तमाशाच्या फडांच्या गाड्या. फडातली माणसं जत्रांच्या दिवसांत गाडीतच राहतात. तिथंच पेटारे, तिथंच आरसा, तिथंच चूल आणि तान्ह्या लेकराची झोळी. मिस्त्री तिथं फळ्या ठोकायला जायचा आणि बायकांचा संसार बघत बसायचा. फडातल्या एका वयस्क बाईनं त्याला सांगितलं होतं, जी वस्तू बांधून ठेवली नाही ती आपली नाही. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे असं बघायचा की हसू आत जायचं.

मग पुण्यातली ऑफिसं माणसांच्या घरी येऊन बसली, ते दिवस आले. एक दिवस एक तरुण जोडपं आलं. दोघांच्या पाठीला बॅगा, बॅगांत लॅपटॉप. म्हणाले, आम्हाला कुठंच राहायचं नाहीये. एक महिना कोकणात, एक महिना डोंगरात, आमच्यासाठी गाडीवर घर बांधून द्याल का? मिस्त्रीनं दोघांना खाली बसवलं, चहा दिला, आणि मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरच्यांनी भाईर काढलंय का? मी येऊन बोलू का त्यांच्यासंगं?" बिचाऱ्यानं अर्धा तास समजावलं की कुणी काढलेलं नाही, आम्ही आमच्या खुशीनं निघालोय. मिस्त्रीला शेवटपर्यंत ते पटलं नाही. पण घर त्यानं असं बांधलं की त्यांच्या ओळखीतून आणखी दहा गिऱ्हाइकं आली.

काय घरं होती ती, राव. खिडक्या अशा खाली की गादीवर पडल्या पडल्या बाहेरचं गवत दिसावं. तांब्याचं घंगाळ कापून केलेलं बेसिन. ओढलं की भिंतीतून बाहेर येणारा ओटा, दुमडलं की भिंतीत जाणारं टेबल. छताचा एक पत्रा उघडला की वर आभाळ. शिकला कुठं म्हणाल तर कुठंच नाही. इंग्रजी मासिकांतले फोटो बघून म्हणायचा, हे ह्या फोटोतच उभं राहील, आपल्या रस्त्यावर नाय. आणि त्यात काहीतरी फिरवून असं करायचा की फोटोतलं फिकं पडावं.

ह्या धंद्यात त्याला एक तत्त्वज्ञानही सापडलं होतं. "पाया घातला की भांडण उगवतं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "घराला चाकं पायजेत. शेजारी आवडला नाय, चालू लागा." पुण्यामुंबईची माणसं माना डोलवायची, मोबाईलवर त्याचं बोलणं टिपून घ्यायची. मी माझ्या मशीनवरून ऐकायची आणि मनात म्हणायची, बोल बाबा बोल. कारण त्याच्या कपाळावरचा व्रण कशाचा आहे ते मला माहीत होतं.

त्याच्या रागाचे किस्से हायवेवर पुष्कळ आहेत. एक इंटिरियरवाले साहेब आले होते, गिऱ्हाइकानं नेमलेले. त्यांना घरात काचेचं झुंबर हवं होतं. मिस्त्रीनं तीनदा सांगितलं, टिकणार नाही. साहेबांनी तीनदा सांगितलं, सांगितलंय तेवढं करा. मिस्त्रीनं झुंबर टांगलं, साहेबांना त्याच्याखाली खुर्चीवर बसवलं, पट्टा लावला, आणि घर पिकअपला जोडून शेडमागच्या खडकाळ रानातून सुसाट काढलं. परत आले तेव्हा झुंबर जमिनीवर होतं आणि साहेबांच्या भुवईतून रक्त येत होतं. मीच कापूस लावला. मिस्त्री शांतपणे म्हणाला, आता कागदावर पण काढणार नाय तुमी झुंबर. खरंच, त्यांनी परत काढलं नसणार.

एका वेल्डरच्या तोंडावर त्यानं पाना फेकला होता. पुढचा दात गेला. मग त्यालाच मोटरसायकलवर मागं बसवून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि सुई टोचताना त्याचा हात धरून बसला. वेल्डर सांगायचा, सुईपेक्षा धरलेला हातच जास्त दुखला. पण काम सोडून गेला नाही. मिस्त्रीकडे माणसं टिकायची. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

माझ्याशी त्याची ओळख खऱ्या अर्थानं मारामारीनंच झाली. पहिल्या घराच्या सहा गाद्या मी शिवल्या होत्या. त्यानं घर रानातून फिरवून आणलं आणि बघितलं तर गाद्या जागच्या सरकलेल्या. सरळ चाकू घेतला आणि सहाच्या सहा फाडल्या. फोम हायवेवर उडायला लागला. मी कापडाची मोठी कात्री घेऊन तशीच धावले आणि कात्रीची मूठ त्याच्या खांद्यात घातली. मूठच घातली, पातं नाही. तो खांदा चोळत उभा राहिला आणि म्हणाला, "मारा अक्का, अजून मारा. पर गादी सरकली का नाय?" सरकली होती. त्या दिवसापासून मी गादीखाली पट्टे शिवते, आणि माझी गादी सरकत नाही हे अजून हायवेवर सांगितलं जातं. त्या दिवसापासूनच मी त्याची अक्का झाले.

त्याची बायको सुमन. शेडच्या मागच्या एका खोलीत तिचा वीस वर्षांचा संसार. एका बाजूला ग्राइंडर, दुसऱ्या बाजूला हायवे. मूलबाळ नव्हतं. बाई कमी बोलणारी, पण बोलली की तोडून बोलणारी. मी तिला एकदा सरळ विचारलं होतं, तुझ्यावर हात उचलतो का गं? म्हणाली, कधीच नाही, पण त्याचा हात उठला की मी पाठ फिरवून बसते, कुणावर का उठेना. तिची एकच मागणी होती. समुद्र बघायचा होता. "रोज दुसऱ्यांची घरं समुद्राला जात्यात," एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माझं तेवढं तव्यापाशीच बसलंय."

हे मिस्त्रीच्या कानावर गेलं आणि त्यानं तिच्यासाठी घर बांधायला घेतलं. गिऱ्हाइकांची कामं आटोपून उरलेल्या वेळात, दोन वर्षं. त्या घरावर त्यानं एकदाही घण घातला नाही, कारण घण घालायची वेळच येऊ दिली नाही. सुमनला भिंतीला उभी करून तिच्या कोपरापाशी पेन्सिलीनं खूण केली आणि ओटा त्या उंचीला बसवला. ओट्यात परातीच्या मापाचा गोल खळगा केला, म्हणजे पीठ मळताना परात फिरायची नाही. शेगडीसमोर खिडकी. भाकरी थापताना समोर समुद्र दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मला म्हणाला, अक्का, ह्या गाद्यांना रंग तुम्ही ठरवा, मला रंगातलं कळत नाय. मी मोरपंखी घेतला. एवढा रागीट माणूस, पण त्या खळग्यावरून बोट फिरवताना मी त्याला पाहिलंय, आणि मला माझ्या मालकांची आठवण येऊन रडू आलं होतं.

आता त्या व्रणांचं सांगते.

राजुरीच्या पुढं त्याचं गाव. दोघे भाऊ, हा धाकटा. बापामागं रानाची वाटणी झाली, थोरल्याच्या आणि ह्याच्या वाट्यामध्ये बांध आला. तो बांध त्यांच्या आईनं घातलेला. डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून, एकटीनं. आठ हात रुंद होता म्हणे. थोरला तिथं राहून शेती करायचा, हा हायवेला. आणि थोरला दर नांगरटीला त्या बांधाला एक तास जास्त घालायचा. एक तास म्हणजे नांगराची एक रेघ. एका वर्षात कळत नाही. पंधरा वर्षांत आठ हातांचा बांध चार हात राहिला. शेती असलेल्या माणसाला मी हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे सख्ख्या भावाच्या ताटातला घास माणूस आनंदानं देईल, पण बांधाची वीतभर माती देणार नाही.

दर वर्षी नांगरट झाली की मिस्त्री गावाला जायचा आणि फुटून परत यायचा. हातावरचा व्रण थोरल्याच्या फावड्याचा. कपाळावरचा दगडाचा. थोरल्याचीही एक बरगडी ह्यानं मोडलेली. आणि त्याच थोरल्यानं ह्याला लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलेलं, ह्याच्या लग्नात वरातीपुढं तोच नाचलेला. हे मला मिस्त्रीनंच सांगितलं, शिव्या देता देता.

दिवाळी झाली. घर तयार होतं. कोकणात जायचं ठरलं. सकाळी पिकअपला घर जोडलं, नारळ फोडला, सुमन नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसली. शेडमधली माणसं हात हलवायला रांगेत उभी. आणि गावाकडून फोन आला. थोरल्यानं भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आणून उरलेल्या चार हात बांधावरून नांगर फिरवलाय.

मिस्त्री फोन खिशात ठेवून माझ्याकडे आला. म्हणाला, "अक्का, दोन दिस. नुसती वहिवाट दावतो आन् फिरतो." वहिवाट म्हणजे जागेचा वापर. ज्याचा वापर दिसतो त्याची जागा, हे आमच्याकडे माणसं आईच्या पोटातून शिकून येतात. थोरल्यानं नांगर फिरवून वापर दाखवला होता. आता हा काय दाखवणार? घर दाखवणार. चाकांचं का होईना, घर. बांधावर नेऊन उभं केलं, आत चूल पेटली, की गाव म्हणणार जागा ह्याची. जगाला पाया नको म्हणून सांगणारा माणूस, आणि त्याच्या डोक्यात हे आलं. मी बोलायचं ते सगळं बोलले. तुला लाज नाही का, ती बाई नवी साडी नेसून बसलीय, असं बरंच. सुमन तेवढी समोरच्या काचेतून हायवे बघत होती.

कोकणाला निघालेलं घर बांधावर गेलं.

दोन दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना, आणि बघता बघता उन्हाळा आला. कुणी ढकलून देऊ नये म्हणून त्यानं खड्डे घेऊन चाकं आसापर्यंत मातीत पुरली. खाली विटा रचल्या. चुन्यानं रंगवलेले दगड दोन्ही बाजूंना रोवले. विहिरीच्या मोटरवरून वीज घेतली. दारावर घर नंबर रंगवला, जो ग्रामपंचायतीनं दिलेलाच नव्हता, ह्यानंच ठरवलेला. सुमननं चाकांभोवती मेथी लावली. शेगडीसमोरच्या खिडकीतून आता थोरल्याचा ऊस दिसायचा. मी मधूनमधून जायची. तिला विचारलं की म्हणायची, उसातल्या बिबट्याचं भ्या वाटत नाय अक्का, माणसांचंच वाटतं.

तिथं काय काय झालं ते ऐकूनच तुम्हाला थकवा येईल. थोरल्याच्या बाजूनं दगड आले, खिडकीची काच गेली, सुमनच्या ओंजळीत तुकडे आले. ह्यानं थोरल्याची पाइपलाइन कुदळीनं फोडली. एकदा दोघे चिखलात एकमेकांच्या नरड्याला धरून पडलेले, गावातल्या चौघांनी ओढून वेगळे केले. पोलिसांनी दोघांना समज दिली. सरपंचानं मध्ये पडून सांगितलं, दोन हात तुझे, दोन हात त्याचे, मिटवा. थोरला हो म्हणाला होता. खरंच म्हणाला होता. मिस्त्री म्हणाला, आईनं पाट्या वाहिल्या त्या निम्म्या करू का? आणि उठून आला. मला हे कळलं त्या दिवशी मी त्याच्याशी बोलणं टाकलं. इकडं शेडमध्ये कामं अडली, गिऱ्हाइकं परत गेली. घण कोपऱ्यात गंजत पडला.

पेरणीच्या आधी सुमननं मला जेवायला बोलावलं. मासवडी केलीय म्हणाली. आमच्याकडची मासवडी म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, वड्या पाडायच्या, आणि वर झणझणीत काळा रस्सा. मी गेले. मिस्त्री घराबाहेर दगडांना चुना लावत बसलेला. आम्ही दोघी आत. शेगडीवर रस्सा उकळत होता. सुमन वड्या कापता कापता मला सांगत होती की तिनं त्याला काल सांगितलं, पेरणीपर्यंत नाही हललो तर मी एकटी हलणार. मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाली, बघू म्हनला.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. खिडकीतून मी थोरल्याला पाहिलं. नांगर नव्हता लावलेला, मागं जाड साखळी होती. तो उतरला, घराच्या पुढच्या हुकात साखळी अडकवली. मिस्त्री ओरडला की आत बायका आहेत, थोरल्याला ते ऐकू आलं की नाही देव जाणे, इंजिन चालू होतं. परत सीटवर चढताना थोरला जे बोलला ते मात्र मला फुटक्या खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं. अगदी सावकाश बोलला.

"चाकं हायती ना त्याला? मग चालंल."

चाकं मातीत पुरलेली होती. चालणार कसं? साखळी ताणली गेली, घर खालून करकरलं, एका बाजूचं चाक वर आलं आणि दुसरं आलं नाही. बांधापलीकडे थोरल्याचं रान कमरेइतकं खाली. आख्खं घर त्या बाजूला कललं आणि पडलं. मी भिंतीवर पडले, भिंत खाली होती. खरं सांगते, त्याचं एक कपाट उघडलं नाही, एक ताट पडलं नाही, माझ्या गाद्या जागच्या हलल्या नाहीत. बांधलेलं नव्हतं ते फक्त शेगडीवरचं पातेलं, आणि आम्ही दोघी. रस्सा सुमनच्या पायांवर गेला. दोन्ही पोटऱ्या, पावलं. तिनं आवाज काढला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता.

मी तीनदा हाक मारली. मिस्त्री, मिस्त्री, अरे मिस्त्री. कुणी आलं नाही. पलीकडच्या भिंतीतल्या, आता डोक्यावर आलेल्या खिडकीतून मी तिला आधी वर ढकललं, तिच्या पायांची कातडी माझ्या हाताला लागली. मग मी चढले. आम्ही आमच्या आम्हीच बाहेर आलो.

बाहेर तो थोरल्याला पहारीनं मारत होता. थोरला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी पडलेला होता आणि हात वर करत नव्हता. तरी हा मारत होता. लाकूड फोडताना माणूस मारतो तसा, श्वास घेऊन, नीट नेम धरून. पलीकडून थोरल्याची बायको ऊर बडवत धावत येत होती. मी दोन्ही हातांनी पहार धरली तेव्हा ती गरम आणि ओली होती. त्यानं ती मला सोडून दिली. आणि मग काय केलं असेल? घर पडताना त्याचा एक चुन्याचा दगड उपटला गेला होता. तो उचलून त्यानं होता त्या जागी ठेवला, पायानं माती दाबली. दूर जाऊन तिरपा डोळा करून बघितला, सरळ आहे का. सुमन पाच हातांवर उभी होती, पाय सोललेले. त्यानं तिच्याकडे मान वळवली नाही.

थोरला दोन दिवसांनी दवाखान्यात वारला. मिस्त्री मारलं त्याच दिवशी पोलिसांच्या गाडीत स्वतः जाऊन बसला होता. अजून जेलात आहे.

सुमनला मी माझ्याकडे आणलं. दोन महिने तिच्या पायांना पट्ट्या होत्या. शेडमधल्या माणसांनी क्रेन नेऊन घर उभं केलं, ओढून परत आणलं. थोरल्याची मुलं बाजूला उभी होती म्हणे. त्या माणसांनी पत्रे सरळ केले, चाकं धुतली, मी पडदे नवे शिवले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे त्या घरालाच लागले. शेडमध्ये दुसरं काम नव्हतंच.

पाय भरल्यावर सुमन म्हणाली, अक्का, एकदा भेटून येऊ. पुण्याच्या एस.टी.त ती सगळी वाट मला तिचं बोलणं म्हणून दाखवत होती, शाळेतली मुलगी कविता म्हणते तसं. किती वर्षं लागतील ती लागू द्या. मी थांबते, समुद्र पण थांबू द्या. फक्त तुम्ही एवढं म्हणा, की सुटल्यावर त्या रानाकडं फिरून बघायचं नाही. एवढं म्हणाला तर तिला थांबायचं होतं. त्यानं थोरल्याला मारलं, ती आत अडकलेली असताना मारलं, तरी थांबायचं होतं. मी तिला वेडी म्हणाले. पण मनातून मलाही वाटत होतं, म्हणू दे बाबा एवढं.

जाळीपलीकडे तो येऊन बसला. मनगटं पार वाळली होती. सुमननं पदर सावरला, तोंड उघडलं. त्याच्या आधी तोच बोलला.

"पेरणी झाली आसंल. थोरल्याच्या पोरांनी कुठवर नांगरून घेतलंय? दगड हायती ना जाग्यावर?"

सुमन मग म्हणाली, "मी तिकडं गेले नाय."

"मग अक्काला लाव की. जाऊन बघून येतील."

मी तिथंच उभी होते, तिच्या खांद्याला खांदा लावून. त्यानं विचारलं नाही तुझे पाय कसे आहेत. ते पाय खाली होते, जाळीतून दिसत नव्हते, असं मी स्वतःला कितीदा समजावलं. नाही समजत. माझा त्याच्यावर राग आहे, आणि त्याच्या शेडवरून जाताना घणाचा आवाज येत नाही म्हणून जीव तुटतो तेही खरं आहे. दोन्ही आहेत, काय करू?

सुमन "बरं" म्हणाली आणि उठली. भेटीचा बराच वेळ शिल्लक होता. परतीच्या एस.टी.त नारायणगाव आल्यावर म्हणाली, घर कधी जोडता येईल?

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. नारळ वगैरे काही नाही. शेडमधला जुना कामगार पिकअप चालवायला, मध्ये सुमन, दाराशी मी. मागं घर. आळेफाट्याला चौकात गाडी थांबली. उजवीकडे राजुरीचा रस्ता, डावीकडे माळशेजचा, तो घाट उतरून खाली कोकण. त्या कामगाराचा मिस्त्रीवर जीव होता. चाचरत म्हणाला, वहिनी, अर्ध्या तासाचा फेर आहे, उजवीकडून एकदा जाऊन यायचं का? दगड आहेत का तेवढं बघू, पुढच्या भेटीला मिस्त्रींना सांगता येईल.

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली होती. मी सुमनकडे बघितलं नाही, मला धीर झाला नाही.

"डावीकडं घे," ती म्हणाली.

त्यानं घेतली.